बँडचा हरकाम्या आणि त्याची अर्धवट गाणी

वाचकाचं पत्र

सहा वर्षं एका बँडमध्ये आहे. नावाला गिटारवादक, प्रत्यक्षात ज्या गाण्याला जे लागेल ते वाजवतो: कीबोर्ड, मँडोलिन, हार्मोनियम, बेसवाला आला नाही तर बेस, शिवाय मागचा आवाज. आठवड्याला दोन रिहर्सल, महिन्याला चार-पाच शो, मधेच कुणाच्या तरी रेकॉर्डिंगचं बोलावणं. स्वतःची गाणीही लिहितो. फोनमध्ये चाळीसेक तुकडे पडून आहेत, पूर्ण झालेली गाणी चार. त्यातलं एक बँडने घेतलं, ते रेकॉर्ड झालं आणि श्रेयात 'गीत-संगीत' म्हणून बँडचं नाव लागलं. मी काही बोललो नाही. आता स्वतःच्या नावाने गाणी काढायची आहेत. घरी सगळी वाद्यं मीच वाजवून डेमो करतो, पण ऐकताना ते निर्जीव वाटतं. मग मी आणखी एक वाद्य घालतो. बँड सोडावा का? न सोडता हे जमतं का? आणि बँडला सांगायचं कसं?

— बँडचा हरकाम्या

उत्तर

नमस्कार,

बँड सोडू नका, निदान आत्ता तरी नाही. बँडने तुमची वाट अडवल्याची खूण पत्रात कुठे दिसत नाही. दोन रिहर्सल आणि चार-पाच शो सांभाळून वर्षाला आठ-दहा गाणी पुरी करता येतात. त्याला रोजचा तास-दीड तास पुरतो आणि तेवढा वेळ बहुतेक वादकांना काढता येतो. तुमचं घोडं वेगळ्याच ठिकाणी पेंड खातंय. तुम्हाला सगळं वाजवता येतं. त्यामुळे बँडमध्ये जिथे रिकामी जागा दिसेल तिथे तुम्हाला उभं केलं जातं, आणि घरी गाणं अडलं की अडलेली जागा सोडवायची सोडून तुम्ही त्यावर आणखी एक वाद्य चढवता. म्हणून घरी स्वतःचे हात बांधून घ्या आणि बँडमध्ये त्याच हातांची किंमत लावा. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती आहे.

आधी ते चाळीस तुकडे. एका बैठकीत सलग ऐका, कोणतंही वाद्य जवळ न घेता. प्रत्येकासमोर एकच नोंद करा: चाल आहे, शब्द आहेत, की नुसता वाजवायचा तुकडा आहे. अनेक वाद्यं वाजवणाऱ्यांच्या फोनमध्ये तिसऱ्या प्रकाराचाच भरणा असतो. कॉर्ड सुंदर, रिफ (परत परत येणारी वाद्याची छोटी सुरावट) झकास, पण गाता येईल असं काही नाही. अशा तुकड्यांना गाणी म्हणून वर्षानुवर्षं जपू नका. त्यांचा वेगळा फोल्डर करा, बँडच्या अरेंजमेंटमध्ये ते कामी येतील. उरलेल्यांपैकी जे दुसऱ्या दिवशी न ऐकता गुणगुणता येतील तेवढेच ठेवा. चाळीसातले आठ उरले तरी खूप झाले. त्या आठांना नीट नावं द्या. 'नवीन रेकॉर्डिंग ३७' असं नाव असलेली फाइल परत कुणी उघडत नाही. पहिले दोन शब्द, स्केल आणि टेम्पो एवढं नावात असलं की तुकडा डोळ्यांसमोर राहतो.

आता हात बांधणं म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. गाणं पूर्ण होईपर्यंत एक वाद्य आणि आवाज, बस्स. ऑडिओ इंटरफेस (वाद्य आणि माइक कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) बंद, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बंद. आणि 'पूर्ण' कशाला म्हणायचं तेही ठरवून टाका: मुखडा, दोन अंतरे, शेवट, सगळे शब्द जागेवर, आणि फोनवर एका दमात, न थांबता गायलेलं एक रेकॉर्डिंग. 'इथे काहीतरी ला-ला' असं एका ओळीतही उरलं असेल तर गाणं अपूर्ण आहे. पूर्ण झालं की तीन प्रकारे तपासा. नेहमीपेक्षा १० बीपीएम (मिनिटाला पडणाऱ्या मात्रा) हळू गा. ज्या वाद्यावर सुचलं ते सोडून दुसऱ्यावर वाजवा. चालताना, काहीच न वाजवता गा. दुसऱ्या वाद्यावर गाणं कोसळलं तर समजायचं की आतापर्यंत रिफच ते ओढत होती, चाल नव्हती. रिफवर उभी असलेली गाणीही असतात, त्यात वाईट काही नाही. फक्त ती एकट्याच्या मैफलीपेक्षा बँडला जास्त शोभतात. कोणतं गाणं कुठे जायचं, हे ठरवायला ही तपासणी फार उपयोगी पडते.

गाणी बहुधा दुसऱ्या अंतऱ्यात अडतात. पहिल्या अंतऱ्यात सगळं सांगून झालेलं असतं आणि हात कॉर्डच्या त्याच त्या आकारांत फिरत राहतात. तुमचं अनेक वाद्यं येणं इथे खऱ्या अर्थाने उपयोगाचं आहे: थर वाढवायला नव्हे, वाट शोधायला. समजा गाणं गिटारवर जी मध्ये आहे. हात आपोआप जी, सी, डी, ई मायनर एवढ्यातच घोटाळेल. बेस घ्या आणि कॉर्ड विसरून फक्त एकेक मूळ सूर वाजवत चाल गा. चालीतला 'जी' हा सूर सी वर धरलात तर तो पंचम होतो, ई फ्लॅटवर धरलात तर गंधार, ए मायनरखाली ठेवलात तर कोमल निषाद. गळ्यातला सूर तोच, खालची जमीन बदलली की शब्दांचा अर्थही सरकतो. दुसऱ्या अंतऱ्याला नवी चाल लागतेच असं नाही, पुष्कळदा एवढ्याने तो सुटतो. एका गाण्यावर सलग तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसू नका. नाहीच सुटलं तर दोन महिने बाजूला ठेवून पुढच्याला हात घाला.

पट्टीबद्दल थोडं. तुम्ही इतकी वर्षं मागचा आवाज दिलाय, म्हणजे मुख्य गायकाच्या पट्टीत, बहुधा त्याच्या वर किंवा खाली तिसऱ्या सुरावर. स्वतःची गाणी मग एकतर त्याच पट्टीत सुचतात, नाहीतर गिटारला सोयीच्या ई, जी, डी मध्ये. दोन्ही तुमच्या गळ्याच्या नसतात. एखाद्या दमलेल्या दिवशी, भरल्या आवाजात सलग पाच वेळा स्वच्छ लागणारा सगळ्यात वरचा सूर शोधा. मुखड्यातला सर्वांत उंच सूर त्याच्या दोन सेमीटोन खाली बसेल अशी पट्टी धरा. खालच्या टोकाला, एका अकूस्टिक गिटारवरून स्पष्ट ऐकू येईल तेवढाच खर्ज वापरा. कॅपो (सगळ्या तारा दाबून पट्टी वर नेणारी क्लिप) पाचव्या फ्रेटच्या पुढे जायला लागला की गिटार बारीक वाजू लागते. तेव्हा आकार बदला. डी चा आकार सातव्या फ्रेटवर कॅपो लावून वाजवताय, तर तो ए आहे. सरळ मोकळ्या तारांचा ए वाजवा.

वेळेचं गणित त्यामानाने सोपं आहे. रिहर्सलच्या संध्याकाळी लिहायला बसू नका, डोक्यात दुसऱ्यांचे सूर घुमत असतात. दिवसातला पहिला दीड तास फोन बंद करून गाण्याला द्या. रिहर्सलच्या दिवशी तो वीस मिनिटांवर आणा आणि तेव्हा फक्त शब्दांवर काम करा. रेकॉर्डिंग आठवड्यातून एकदाच. लिहिणं आणि रेकॉर्ड करणं एकाच बैठकीत आलं की मायक्रोफोन कुठे ठेवायचा यातच सकाळ जाते आणि ओळ तशीच राहते. अमेरिकन रॉक वादक डेव्ह ग्रोल यांनी १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये जवळजवळ सगळी वाद्यं स्वतः वाजवून आठवडाभरात अख्ख्या अल्बमचं रेकॉर्डिंग केलं, ही गोष्ट बहुवाद्य वादकांमध्ये मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. सांगताना एक भाग गळतो. त्यातली बरीच गाणी निर्व्हाना बँडमध्ये ड्रम वाजवत असतानाच्या वर्षांत आधीच लिहून झालेली होती. स्टुडिओत सुचायचं फारसं उरलं नव्हतं, म्हणून आठवडा पुरला.

तुमचे डेमो निर्जीव का वाटतात? वाजवणारा एकच आहे म्हणून. प्रत्येक वादकाला एक सवय असते. कुणी मुखड्यात शिरताना किंचित घाई करतो, कुणी ओळीच्या शेवटी रेंगाळतो. बँडमध्ये चौघांच्या सवयी एकमेकींना छेदतात आणि त्या ओढाताणीतून लय जिवंत होते. घरी पाचही ट्रॅकवर तुम्हीच असता, त्यामुळे सगळे एकाच जागी, सारखेच पुढे पळतात. स्क्रीनवर वेव्हफॉर्म मोठा करून मुखड्याची पहिली मात्रा बघा. गिटार, कीबोर्ड, बेस तिन्ही क्लिकच्या (हेडफोनमधल्या तालाच्या टिकटिकीच्या) एकाच बाजूला झुकलेले दिसतील. त्यावर सहावं वाद्य घातलं तर तेही तिकडेच झुकणार.

याला उपाय आहे तो क्रमाचा. आधी क्लिकशिवाय गाणं तीन वेगवेगळ्या वेळी गाऊन टेम्पो मोजा. मुखडा बहुतेकांचा अंतऱ्यापेक्षा दोन-चार बीपीएम वर जातो. तुमचाही जात असेल तर क्लिकही मुखड्याला तेवढा वाढवून घ्या, नाहीतर मुखडा बसल्यासारखा होतो. मग क्लिकवर गिटार आणि आवाजाचा एक कच्चा ट्रॅक करा, जो नंतर फेकायचा आहे. त्यावर ड्रम किंवा जो ठेका असेल तो. मग कच्ची गिटार म्यूट करा आणि फक्त ठेका व आवाज ऐकत बेस वाजवा. त्यानंतर खरी गिटार, तीही बेस आणि ठेका ऐकत, कच्च्या गिटारीकडे कान न देता. प्रत्येक वाद्य वेगवेगळ्या सोबतीत वाजवल्याने सवयींची रांग मोडते. आणि निदान एक वाद्य दुसऱ्या माणसाला द्याच, शक्यतो ड्रम किंवा बेस. 'सगळी वाद्यं मीच वाजवली' ही ओळ श्रेयनामावलीत छान दिसते, पण ऐकणाऱ्याला तिच्याशी काही देणंघेणं नसतं.

दुसरा दोष गर्दीचा. गिटार, कीबोर्ड आणि हार्मोनियम तिघांचं मांस २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतं. तिन्ही पूर्ण कॉर्ड धरून बसली की मिक्स घुसमटतं आणि आवाज मागे गेल्यासारखा वाटतो. इक्वलायझरला हात लावण्याआधी वाजवण्यात कपात करा. बेस असेल तर कीबोर्डचा डावा हात उचला आणि उजव्या हाताने मिडल सी च्या वर दोन-तीन सुरांची कॉर्ड धरा. हार्मोनियमवर कॉर्डऐवजी एकच सूर किंवा चालीला उत्तर देणारी ओळ. गिटार खालच्या तारांवर असेल तर मँडोलिन वरच्या दोन तारांवर. त्यानंतर फिल्टर: गिटारची सर्वांत खालची ई साधारण ८२ हर्ट्झची, म्हणून साधारण ८० च्या खालचा आवाज कापा. मँडोलिनचा खालचा जी १९६ चा, तिथे १५० पर्यंत बिनधास्त कापा. नियम असा ठेवा की मुखड्यात एका वेळी तीनच वाद्यं, चौथं आणायचं तर एक काढायचं.

हार्मोनियम वापरत असाल तर ती सगळ्यात आधी ट्यूनरवर तपासा. तिच्या रीड बसल्या जागी जुळवता येत नाहीत, आणि प्रत्येक पेटी बरोबर ४४० हर्ट्झला ('ए' या सुराच्या प्रमाण मापाला) असतेच असं नाही. पेटी ४४२ ला असेल तर गिटार, मँडोलिन आणि कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग ४४२ ला न्या. उलटं जमणार नाही. शेवटी पेटी घालायला गेलात आणि दोन हर्ट्झचा फरक निघाला, तर आधीचं सगळं पुन्हा वाजवावं लागतं किंवा त्या फरकाने उठणारी थरथर तशीच सोसावी लागते. कॅपो लावल्यावर पुन्हा ट्यून करा, तो तारा वर खेचतो.

बाकी तांत्रिक बाजू थोडक्यात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरे. पातळी ठेवताना सर्वांत जोरकस जागा उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, २४ बिटमध्ये काठावर जायची गरज नसते. वाजवताना बफर (कॉम्प्युटर आवाज ज्या तुकड्यांत हाताळतो त्यांचा आकार) ६४ किंवा १२८ वर ठेवा, मिक्स करताना ५१२ च्या वर. ४८ किलोहर्ट्झला ५१२ चा बफर म्हणजे नुसत्या एका फेरीचा जवळजवळ ११ मिलिसेकंद उशीर. येऊन-जाऊन तो दुप्पट होतो आणि बोटं नकळत पुढे पळू लागतात. घाईने वाजवल्यासारख्या वाटणाऱ्या कित्येक ट्रॅकच्या मुळाशी हाच बफर असतो.

आता बँड. पहिलं काम त्या श्रेयाचं, कारण ते जितकं जुनं होईल तितकं अवघड होतं. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा, आणि त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा. बँडने रेकॉर्डिंग केलं म्हणून रचना बँडची होत नाही. बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट कराराप्रमाणे सदस्य देशांमध्ये रचनेचा हक्क ती निर्माण होताच मिळतो, नोंदणीवाचून. तपशील देशागणिक बदलतात, म्हणून सही करण्याआधी तिथल्या जाणकाराला कागद दाखवा. नोंदी बघितल्या की गोष्ट स्पष्ट होते: रचनेला आयएसडब्ल्यूसी हा वेगळा क्रमांक असतो आणि रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी. पैसेही वेगवेगळ्या वाटांनी येतात.

बोलताना तक्रारीचा सूर नको, दुरुस्तीचा ठेवा. असं काहीसं: 'त्या गाण्याचे शब्द आणि चाल माझी होती, पण ते उभं केलं आपण सगळ्यांनी. रेकॉर्डिंगमधला वाटा सगळ्यांचा सारखाच राहू दे. रचनेच्या नोंदीत तेवढं माझं नाव घालून घेऊया.' मात्र आधी प्रामाणिकपणे आठवा. गायकाने अंतऱ्याची चाल रिहर्सलमध्ये बदलली होती का? ज्या सुरावटीने गाणं ओळखलं जातं ती कीबोर्डवाल्याची होती का? असेल तर त्यांचा वाटा लिहा. यापुढे प्रत्येक गाण्याला ज्या दिवशी रूप आलं त्याच दिवशी एक पानी वाटपपत्र करा: गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची, टक्केवारी, बेरीज १००, सगळ्यांच्या सह्या. फक्त वाजवण्याबद्दल रचनेत वाटा द्यायचा की नाही, हे बँडने एकदाच ठरवावं. दोन्ही पद्धती चालतात. गाणं हिट झाल्यावर ठरवणं तेवढं चालत नाही.

स्वतःच्या गाण्यांबद्दल बँडला बातमी बाहेर फुटण्याआधी, प्रत्यक्ष बसून सांगा. रिहर्सल संपल्यावर पाच मिनिटांत उरकायचा हा विषय नाही. तीन गोष्टी घेऊन जा. एक, तारखा: बँडचे शो आणि अल्बम यांना प्राधान्य, पण महिन्यातला अमुक एक शनिवार-रविवार तुमचा, तीन महिने आधी ठरलेला. दोन, गाणी: बँडला शोभेल असं गाणं आधी त्यांना ऐकवाल, ६० दिवसांत त्यांनी कामाला घेतलं नाही तर ते तुमचं. ही मुदत नसली की गाणं 'बघू पुढे' या खात्यात जन्मभर पडून राहतं. बीटल्सच्या एका अल्बममध्ये गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांच्या वाट्याला साधारण दोन-तीन गाणी यायची. साठलेली इतकी होती की १९७० मध्ये त्यांनी थेट तीन तबकड्यांचा संच काढला. तुमच्या बँडमध्येही एक मुख्य गीतकार असेल तर तुमचा कोटा लहानच राहणार, त्यावर रुसण्यात अर्थ नाही. तीन, नाव: तुमच्या गाण्यांच्या जाहिरातीत बँडचं नाव वापरायचं का आणि किती ठळक.

बँडचा एखाद्या लेबलशी करार असेल तर तो आधी वाचा. सदस्यांना इतरत्र रेकॉर्डिंगला मनाई, सोडून जाणाऱ्या सदस्याचं कलम, आणि एकदा काढलेलं गाणं ठरावीक वर्षं पुन्हा रेकॉर्ड न करण्याची अट, ही तीन कलमं शोधा. तिसरं कलम असेल तर बँडने घेतलेलं तुमचं गाणं तुम्हाला तुमच्या आवाजात लगेच काढता येणार नाही. रचना तुमची असली तरीही.

तुमच्यावाचून शो होत नाही ही स्थिती सुखाची वाटते, पण ती बेडी आहे. ती तोडायला बदली वादकासाठी कागद तयार करा. गाण्यागणिक एक ओळ, अशी: 'चौथं गाणं — मँडोलिन, स्केल ए, कॅपो नाही, सुरुवातीला ८ बार गप्प, मुखड्यात ठोके दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर, दुसऱ्या अंतऱ्यानंतर कीबोर्ड पॅच १२, मागचा आवाज वरचा गंधार, शेवट गायकाने मान हलवल्यावर.' पूर्ण सेटचा हा कागद करायला दोन दुपारी जातात. करताना लक्षात येतं की तुम्ही वाजवता त्यातलं बरंच काही नसलं तरी चालतं. जे अनावश्यक निघेल ते तुम्हीही वाजवणं सोडा. बदलीला एकाच वाद्याचं काम द्या, तुमच्यासारखं चौफेर माणूस शोधत बसाल तर सापडणार नाही.

हातांची किंमत म्हणजे मानधनही. एकाच वादकाने दुसरं वाद्य घेतलं तर त्याचे वेगळे पैसे, याला डब्लिंग म्हणतात आणि अमेरिकेतल्या वादक संघटनेच्या करारांत ते लेखी असतं. बाहेरच्या रेकॉर्डिंगला जाताना हे आधी बोला: कोणती वाद्यं, किती गाणी, किती तास, वाद्यं नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा. 'आलाच आहेस तर जरा मँडोलिनही वाजव' यात तुमचा गाण्यासाठी राखलेला दिवस जातो. बँडमध्ये असा हिशेब मागणं अवघडल्यासारखं होईल. तिथे पैशांऐवजी एखादी रिहर्सल कमी मागा.

एकट्याच्या शोला वाद्यं दोनच न्या. बदलताना मध्ये २५-३० सेकंदांची शांतता पडते, बँडमध्ये ती गायक बोलून भरतो, तुम्ही एकटे असता. गाणी वाद्याप्रमाणे आणि ट्यूनिंगप्रमाणे गटात लावा, म्हणजे पाऊण तासात बदल दोनदाच होतो. दोन्ही वाद्यांना म्यूट असलेला स्विचर घ्या, त्यांची पातळी घरीच सारखी करा आणि साऊंडवाल्याला एकच लाइन द्या. पिएझो पिकअप (वाद्याची कंपनं टिपणारं साधन) असेल तर त्याला १ मेगाओहमच्या पुढचा इनपुट लागतो, नाहीतर खर्ज जातो आणि आवाज पत्र्यासारखा येतो. लूपरचा (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून फिरत ठेवणाऱ्या पेडलचा) मोह तुम्हाला फार होईल. ९० बीपीएमला चार-चार मात्रांचे आठ बार म्हणजे २१ सेकंद. चार थर रचले तर पहिला शब्द यायला जवळजवळ दीड मिनिट जातं, आणि सगळी गाणी एकाच पद्धतीने चढत जातात. सेटमध्ये एकच गाणं लूपरवर, तेही चार बारांचं.

कानांचं बघा, कारण दोन्ही कामांचं भांडवल तेच आहे. सुरक्षिततेचा सर्वसाधारण मापदंड ८५ डेसिबलला आठ तास असा आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो १५ मिनिटांवर येतो, आणि ड्रमसह बंद खोलीतली रिहर्सल तिथवर सहज पोचते. सगळ्या पट्ट्यांत सारखा आवाज कमी करणारे वादकांचे इअरप्लग वापरा. रिहर्सलच्या रात्री मिक्स करू नका. थकलेल्या कानाला वरच्या पट्ट्या कमी ऐकू येतात, तुम्ही त्या वाढवत जाता आणि सकाळी तेच मिक्स कर्कश लागतं. बोटांचंही तसंच: बेसवरून थेट मँडोलिनवर जाताना दहा मिनिटं मधे सोडा. मनगट किंवा अंगठा वाजवून झाल्यावरही दुखत राहिला तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

स्वतःची गाणी काढताना अल्बम नको. तीन गाणी, सहा-सहा आठवड्यांच्या अंतराने, बँडच्या स्वतःच्या प्रकाशनापासून निदान महिनाभर लांब. गाणी ऑनलाइन सेवांवर पोचवणाऱ्या वितरकाकडे गाणं तारखेच्या चार आठवडे आधी चढवा, दुरुस्तीला वेळ राहतो. रचनाकार म्हणून नाव द्याल ते रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत नोंदवलं आहे त्याच स्पेलिंगचं द्या, टोपणनाव नको. कलाकार म्हणून घेतलेलं नाव आधी शोधून बघा, त्याच नावाचा दुसरा कुणी असला तर तुमची गाणी त्याच्या पानावर जाऊन बसतात. रेकॉर्डिंग तेच असेल तर आयएसआरसी तोच ठेवायचा, नवं मिक्स काढलंत तर नवा घ्यायचा.

सोडण्याचा विचार कधी करायचा? तुमची दहा गाणी पूर्ण असतील, तुमच्या नावाने पैसे देऊन बोलावणारे शो यायला लागतील आणि त्यांच्या तारखा बँडच्या तारखांशी सहा महिन्यांत तीन-चारदा भिडतील, तेव्हा. त्या वेळी बदलीचा कागद हातात असेलच. तीन महिन्यांची सूचना द्या आणि नव्या वादकासोबत दोन रिहर्सलना स्वतः बसा.